ताठर देह, दुखावलेला मेंदू : एका लक्षणाचा इतिहास

मेंदूला गंभीर इजा होऊन बेशुद्ध पडलेल्या माणसाचे शरीर नेहमी सैल पडून राहते असे नाही. काही रुग्णांचे हातपाय, विशेषतः त्यांना टोचले, दाबले किंवा कुशीवर वळवले असता, ठरावीक रीतीने आखडतात. यातल्या एका प्रकारात हात कोपरात दुमडून छातीवर येतात, मनगटे वाकतात, मुठी आवळल्या जातात आणि पाय मात्र सरळ ताठ होतात. दुसऱ्या प्रकारात हातही कोपरात सरळ होऊन अंगालगत ताणले जातात, तळवे फिरून मागच्या बाजूला वळतात, पावले खालच्या दिशेने रोखली जातात आणि कधी कधी मान व पाठ मागे वळून ताठरते. पहिल्या प्रकाराला वैद्यकात डिकॉर्टिकेट स्थिती म्हणतात आणि दुसऱ्याला डिसेरिब्रेट स्थिती. दोन्हींत रुग्णाच्या इच्छेचा संबंध नसतो, आणि दिसायला आकडीसारखा भासला तरी हा प्रकार अपस्माराचा नसतो. मेंदूचे वरचे भाग शरीराच्या ठेवणीवरचा ताबा गमावत चालले आहेत, एवढीच त्याची साक्ष असते.

या स्थितीचा अर्थ लावण्याचा मुख्य इतिहास सुमारे पाऊण शतकाचा आहे. 1898 साली एका शरीरक्रियाशास्त्रज्ञाने तिचे प्राण्यांमधील रूप सविस्तर मांडले, 1920 साली ती माणसांत पद्धतशीरपणे ओळखली गेली, 1960 च्या दशकात ती कवटीतील घातक दाबाची एक पायरी ठरली आणि 1974 पासून रुग्णालयांतील निरीक्षणाच्या तक्त्यात तिला कायमची जागा मिळाली. या वाटचालीत एक महत्त्वाचा पालट झाला. सुरुवातीला शरीराच्या स्थितीवरून मेंदूतील इजेची जागा सांगण्यावर भर होता. पुढे मात्र जे दिसते ते साध्या शब्दांत नोंदवणे आणि ठरावीक वेळाने पुन्हा पाहणे अधिक मोलाचे ठरले. बेशुद्ध रुग्णाच्या देखभालीत आज जी शिस्त गृहीत धरली जाते, तिचे मूळ या पालटात आहे.

वरचे भाग आणि खालचे भाग

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील मेंदूसंशोधन एका वादाने ढवळून निघाले होते. मेंदूचे निरनिराळे भाग निरनिराळी कामे करतात, की संपूर्ण मेंदू एकसंधपणे काम करतो, हा तो वाद होता. 1870 साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या बाहेरच्या करड्या थराला, म्हणजे कॉर्टेक्सला, विजेचा सौम्य प्रवाह देऊन विरुद्ध बाजूच्या अवयवांत हालचाल घडवून दाखवली. इंग्लंडमध्ये डेव्हिड फेरियर यांनी हेच संशोधन माकडांपर्यंत नेले. स्ट्रासबर्गचे फ्रीड्रिख गोल्ट्झ यांना मात्र ही विभागणी मान्य नव्हती, आणि कॉर्टेक्सचा मोठा भाग काढूनही कुत्रा चालू शकतो हा त्यांचा मुख्य पुरावा होता. 1881 च्या ऑगस्टमध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत दोघांनी आपापले प्राणी जमलेल्या शास्त्रज्ञांसमोर आणले. फेरियर यांचे माकड एका बाजूने लुळे पडलेले होते, गोल्ट्झ यांचा कुत्रा हिंडत होता. पुढे या कुत्र्याच्या मेंदूची सूक्ष्म तपासणी केंब्रिजमध्ये झाली आणि त्या कामात जॉन लँगली यांच्यासोबत चार्ल्स स्कॉट शेरिंग्टन हा विशीतला तरुण होता. 1884 साली दोघांच्या नावाने निघालेला या तपासणीचा निबंध ही शेरिंग्टन यांच्या संशोधनाची सुरुवात होती.

त्याच काळात लंडनच्या नॅशनल हॉस्पिटलमध्ये जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन हे मज्जाविकारांचे डॉक्टर रुग्णांच्या निरीक्षणातून वेगळ्या सिद्धान्ताकडे पोहोचले होते. मज्जासंस्था एकावर एक उभ्या असलेल्या स्तरांची बनलेली आहे, वरचे स्तर उत्क्रांतीत नंतर आले असून ते खालच्या स्तरांना आवरून धरतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यामुळे वरचा स्तर निकामी झाला की दोन गोष्टी घडतात: त्या स्तराचे स्वतःचे काम थांबते, आणि त्याने आवरून धरलेली खालची यंत्रणा मोकळी सुटून आपले काम अनिर्बंधपणे करू लागते. रुग्णात दिसणारी काही लक्षणे ही अशा रीतीने इजेची थेट निर्मिती नसून शाबूत उरलेल्या भागांची कृती असते, हा जॅक्सन यांचा विचार त्या काळी नवा होता. गंमत म्हणावी तर अशी की 1870 च्या दशकाच्या सुरुवातीस त्यांनी मागच्या लहान मेंदूत, म्हणजे अनुमस्तिष्कात, गाठ झालेल्या एका मुलाच्या ताठरण्याच्या झटक्यांचे बारकाईने वर्णन केले होते; मात्र मान मागे, पाठ वळलेली, पाय ताठ अशा त्या झटक्यांचा उगम त्यांनी अनुमस्तिष्कात मानला. वर्णन अचूक होते. त्याचा अर्थ लागायला मात्र प्रयोगशाळेतील पुराव्याची गरज होती.

लिव्हरपूलमधील प्रयोग

1895 साली शेरिंग्टन लिव्हरपूलला शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. प्रतिक्षिप्त क्रिया, म्हणजे संवेदनेला इच्छेशिवाय मिळणारे स्नायूंचे उत्तर, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. मेंदूचा हस्तक्षेप दूर करून या क्रिया पाहता याव्यात म्हणून ते भूल दिलेल्या प्राण्याच्या मस्तिष्कस्तंभाचा छेद घेत. मस्तिष्कस्तंभ, ज्याला डॉक्टर ब्रेनस्टेम म्हणतात, तो मेंदूचे मोठे गोलार्ध आणि मेरुरज्जू यांना जोडणारा जेमतेम काही सेंटिमीटरचा भाग असून श्वसन, रक्तदाब आणि जागृती यांची मूलभूत केंद्रे त्यात असतात. त्याच्या वरच्या टोकाला, म्हणजे मध्यमस्तिष्कात, छेद घेतल्यावर काय घडते याचे सविस्तर वर्णन शेरिंग्टन यांनी 1898 साली ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’ या नियतकालिकात केले आणि त्या स्थितीला डिसेरिब्रेट ताठरता हे नाव दिले.

ते दृश्य विलक्षण होते. भुलीचा अंमल ओसरू लागला की मांजराचे चारही पाय हळूहळू सरळ होत, कोपर आणि गुडघा वाकवू पाहणाऱ्या हाताला स्पष्ट विरोध जाणवे, मान उचलली जाऊन मागे जाई आणि शेपटीही ताठ होई. प्राण्याला पायांवर उभे केले तर तो उभा राही, पण धक्का दिल्यावर तोल सावरण्यासाठी पाऊल टाकू शकत नसे आणि कोसळे. मेंदूचे गोलार्ध तुटलेले असल्यामुळे त्याला जाणीव उरलेली नव्हती, तरी उभे राहण्याच्या ठेवणीचे एक अतिरंजित रूप त्याच्या स्नायूंत कायम होते. गोल्ट्झ यांनी 1892 साली ज्या कुत्र्याविषयी लिहिले होते, तो गोलार्ध काढल्यानंतर अठरा महिने जगला होता आणि चालतही होता. शेरिंग्टन यांचे मांजर मात्र नुसते ताठ उभे राहत होते. दोन्हींतला फरक छेदाच्या पातळीचा होता. नियंत्रण कोणत्या उंचीवर तुटले आहे यावर शरीराची ठेवण ठरते, ही कल्पना पुढच्या सगळ्या इतिहासाचा पाया बनली.

शेरिंग्टन यांची पुढची पायरी अधिक निर्णायक होती. एखाद्या पायाकडून मेरुरज्जूकडे संवेदना नेणारी मज्जातंतूंची मुळे आधीच कापून ठेवली, तर मध्यमस्तिष्काचा छेद घेतल्यावर बाकीचे पाय ताठ होत आणि तो पाय सैलच राही, जरी त्याच्या स्नायूंना आज्ञा नेणारे तंतू धडधाकट असत. याचा अर्थ असा की ही ताठरता वरून आलेल्या सततच्या हुकमामुळे येत नव्हती. स्नायू स्वतःच्या ताणाची वार्ता मेरुरज्जूला कळवत आणि तिथून उलट आकुंचनाचा आदेश येई, आणि हे वर्तुळ आवरणारा वरचा लगाम सुटल्यामुळे ते अखंड चालू राही. 1924 साली शेरिंग्टन आणि एडवर्ड लिडेल यांनी ताणलेला स्नायू आपोआप आकुंचन पावतो हे स्वतंत्रपणे सिद्ध केले. गुडघ्याखाली हातोडी मारून डॉक्टर जी तपासणी करतात, तिच्यामागील तत्त्व हेच आहे. 1932 साली शेरिंग्टन यांना एडगर एड्रियन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले, ते मज्जापेशींच्या कार्यासंबंधीच्या अशा शोधांबद्दल.

ताठरता कोणत्या स्नायूंत येते, हा प्रश्नही उद्बोधक ठरला. मांजराच्या बाबतीत ते गुरुत्वाकर्षणाविरुद्ध शरीर तोलून धरणारे, म्हणजे सांधे सरळ करणारे स्नायू होते. 1926 साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कर्ट रिक्टर आणि लिओ बार्टमायर यांनी झाडाच्या फांदीला उलटे लटकून राहणाऱ्या स्लॉथ या प्राण्यावर हाच प्रयोग केला, तेव्हा त्याचे अवयव सरळ न होता वाकलेल्या अवस्थेत आखडले. ज्या प्राण्याला वजन पेलण्यासाठी सांधे वाकते ठेवावे लागतात, त्याच्यात वाकवणारे स्नायूच प्रबळ होत होते. शरीराला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध धरून ठेवणारी एक प्राचीन यंत्रणा मस्तिष्कस्तंभात आणि मेरुरज्जूत वास करते आणि वरचे नियंत्रण गेले की ती उघडी पडते, या मताला त्यामुळे बळ मिळाले.

प्रयोगशाळेतून रुग्णाच्या खाटेपाशी

मांजरात जे घडते ते माणसात घडते का, याचे पद्धतशीर उत्तर 1920 साली मिळाले. लंडनच्या नॅशनल हॉस्पिटलमध्ये काम करणारे सॅम्युअल किनियर विल्सन यांनी त्या वर्षी ‘ब्रेन’ या नियतकालिकात माणसातील डिसेरिब्रेट ताठरता आणि ताठरण्याचे झटके यांवर दीर्घ निबंध लिहिला. यकृत आणि मेंदू या दोहोंना ग्रासणारा जो आनुवंशिक विकार आज त्यांच्या नावाने ओळखला जातो, त्याचे वर्णन त्यांनी आठ वर्षांपूर्वीच केले होते. आता निरनिराळ्या कारणांनी मेंदू दुखावलेल्या रुग्णांच्या नोंदी एकत्र आणून त्यांनी दाखवून दिले की मान मागे जाणे, हात सरळ होऊन आतल्या अंगाने फिरणे, मनगट व बोटे वाकणे आणि पाय ताठ होणे हा समुच्चय शेरिंग्टन यांच्या प्राण्यांतील स्थितीचा मानवी अवतार आहे. जॅक्सन यांनी अनुमस्तिष्काशी जोडलेले झटकेही याच कुळातले असून मस्तिष्कस्तंभ वरच्या नियंत्रणातून सुटल्यामुळे ते येतात, असे त्यांनी प्रतिपादन केले. जॅक्सन यांचा विशिष्ट अर्थ अशा रीतीने बाजूला पडला, पण वरचा स्तर गेला की खालचा मोकळा होतो हा त्यांचा मूळ सिद्धान्त मात्र अधिक भक्कम झाला.

या सुमारास आणि पुढच्या दशकांत यंत्रणेचा शोध अधिक खोल गेला. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे रुडॉल्फ माग्नुस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेरिब्रेट प्राण्याचे डोके वळवले की पायांतील ताठरतेचे वाटप बदलते हे दाखवले. तोंड ज्या बाजूला वळवावे त्या बाजूचे पाय अधिक सरळ होत. मानेच्या स्थितीनुसार अवयवांची ठेवण बदलणारी ही प्रतिक्षिप्त क्रिया तान्ह्या बाळांत काही महिने दिसते आणि मेंदू परिपक्व होताना लोपते. मैदानावर डोक्याला जबर मार बसलेल्या खेळाडूचा एक हात क्षणभर हवेत सरळ ताठ होतो, त्याचा संबंध आजचे संशोधक याच कुळातील क्रियांशी लावतात. उट्रेख्टच्याच परंपरेतील रादेमाकर यांनी 1926 साली मध्यमस्तिष्कातील लाल केंद्रक या मज्जापेशींच्या पुंजाला महत्त्व दिले: छेद त्याच्या वर असेल तर एक स्थिती, खाली असेल तर दुसरी. 1930 साली फुल्टन, लिडेल आणि रायॉक यांनी तोल सांभाळणारी मस्तिष्कस्तंभातील केंद्रके एका बाजूने नष्ट केली की त्या बाजूची ताठरता कमी होते असे दाखवले. 1946 साली अमेरिकेत होरेस मॅगून आणि रूथ ऱ्हाइन्स यांनी मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या भागात स्नायूंचा ताण कमी करणारा प्रदेश ओळखला, जो स्वतः वरच्या मेंदूकडून मिळणाऱ्या प्रेरणेवर अवलंबून असतो. या सर्वांतून उभे राहिलेले चित्र थोडक्यात असे: ताण वाढवणारी आणि ताण कमी करणारी अशा दोन शक्ती मस्तिष्कस्तंभातून मेरुरज्जूवर सतत काम करतात, वरून येणारा पुरवठा तुटला की कमी करणारी शक्ती दुबळी होते आणि वाढवणारी निरंकुश होते.

या ज्ञानाची किंमत प्राण्यांनी मोजली, हेही नोंदवले पाहिजे. ब्रिटनमध्ये 1876 सालापासून प्राण्यांवरील प्रयोगांसाठी परवान्याचा कायदा होता आणि 1881 च्या परिषदेनंतर फेरियर यांच्यावर त्याखाली खटलाही भरला गेला. शस्त्रक्रिया परवाना असलेल्या सहकाऱ्याने केली होती हे दिसल्याने तो टिकला नाही. पण समाजाने विचारलेला प्रश्न त्यामुळे निकालात निघाला नाही, आणि या लक्षणाविषयीचे आजचे ज्ञान त्या प्रयोगांशिवाय मिळाले असते असे प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

कवटीतील दाब आणि उतरती पायरी

रुग्णात मध्यमस्तिष्क कोणी सुरीने कापत नाही, मग ही स्थिती येते कशी? याचे उत्तर कवटीच्या रचनेत आहे. प्रौढ माणसाची कवटी ही न ताणणारी बंद पेटी असून तिच्यात मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचा द्रव एवढ्यांनाच जागा असते. रक्ताची गाठ, सूज किंवा अर्बुद यांनी जागा अडवली की दाब वाढतो आणि मेंदू जिथे वाट मिळेल तिथे सरकू लागतो. मोठे गोलार्ध आणि अनुमस्तिष्क यांच्यामध्ये एक चिवट आडवा पडदा असतो आणि मध्यमस्तिष्क त्या पडद्याच्या अरुंद खाचेतून खाली जाते. वरून दाब आला की गोलार्धाची आतली कड या खाचेत घुसते, डोळ्याची बाहुली आकुंचित करणारा मज्जातंतू चेपला जाऊन त्या बाजूची बाहुली मोठी होते आणि मध्यमस्तिष्क पिळले जाते. 1920 साली एडॉल्फ मायर यांनी मेंदूच्या अशा सरकण्याचे वर्णन केले आणि 1938 साली मँचेस्टरचे शल्यचिकित्सक जेफ्री जेफरसन यांनी त्याचे रुग्णातील परिणाम स्पष्ट केले. विल्सन यांनी ओळखलेली ताठरता आता शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने तातडीची सूचना बनली, कारण रक्ताची गाठ वेळीच काढली तर मध्यमस्तिष्कावरचा दाब हटण्याची शक्यता होती.

या ज्ञानाला क्रमबद्ध रूप दिले ते न्यूयॉर्कच्या फ्रेड प्लम यांनी. 1962 साली त्यांनी मॅकनीली यांच्यासह गोलार्धात जागा अडवणाऱ्या विकारांच्या रुग्णांचा अभ्यास मांडला आणि 1966 साली जेरोम पोस्नर यांच्यासह बेशुद्धीच्या निदानावर जो ग्रंथ लिहिला तो पुढे पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. त्यांच्या मते दाब वाढत गेला की मेंदू वरून खाली अशा ठरावीक क्रमाने निकामी होत जातो. मध्यमस्तिष्काच्या वरचा भाग बाधित झाला की हात वाकून पाय सरळ होतात; इजा मध्यमस्तिष्कापर्यंत उतरली की हातही सरळ होतात; त्याहून खाली पोहोचली की ताठरता जाऊन शरीर सैल पडते. सोबत श्वासाची लय आणि बाहुल्यांचे आकारही प्रत्येक पायरीला बदलतात. म्हणूनच ताठर हात अचानक सैल पडणे ही सुधारणेची खूण नसून बहुधा अधिक खालच्या इजेची असते, हे या मांडणीतून डॉक्टरांच्या मनावर ठसले. यकृत निकामी होणे किंवा रक्तातील साखर फार उतरणे अशा कारणांनीही ही स्थिती येऊ शकते आणि कारण दूर केल्यावर ती जाऊ शकते, ही जाणीवही त्याच परंपरेने दिली.

या सुमारास रुग्णालयांचे स्वरूपही बदलत होते. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओच्या साथीत ब्यॉर्न इब्सेन यांनी हाताने श्वास पुरवून रुग्ण जगवले आणि त्यातून अतिदक्षता विभागाची कल्पना जन्माला आली. कृत्रिम श्वासामुळे पूर्वी काही तासांत दगावणारे मेंदूइजेचे रुग्ण आता आठवडे, महिने जगू लागले. डोळे उघडे, झोप आणि जाग यांचे चक्र चालू, पण जाणिवेचा पुरावा नाही अशा अवस्थेतील रुग्णांसाठी प्लम आणि ग्लासगोचे ब्रायन जेनेट यांनी 1972 साली ‘पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट’ ही संज्ञा मांडली. कोण वाचेल, कोण सावरेल आणि कोण या अवस्थेत अडकेल हे आधी सांगता येईल का, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिला नव्हता. पण त्यासाठी निरनिराळ्या रुग्णालयांतील रुग्णांची तुलना व्हायला हवी होती आणि तशी सामाईक भाषाच उपलब्ध नव्हती. अर्धवट बेशुद्ध, गुंगीत, सुस्त असे शब्द प्रत्येक डॉक्टर आपापल्या अर्थाने वापरत होता.

ग्लासगो, 1974

ही उणीव भरून काढण्याचे काम ग्लासगोच्या सदर्न जनरल हॉस्पिटलमधील मज्जाविज्ञान संस्थेत झाले. ब्रायन जेनेट आणि त्यांचे तरुण सहकारी ग्रॅहॅम टीसडेल यांनी 1974 च्या जुलैमध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये बेशुद्धी मोजण्याची एक साधी पद्धत प्रसिद्ध केली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहायच्या आणि प्रत्येकीत रुग्णाचे सर्वांत चांगले उत्तर नोंदवायचे, इतकीच तिची मागणी होती. हालचालीच्या स्तंभात आज्ञा पाळणे, वेदनेच्या जागेकडे हात नेणे, हात वाकवणे, हात सरळ ताणणे आणि काहीच न करणे अशा पाच पायऱ्या होत्या. पुढे वाकवण्याचे सामान्य आणि असामान्य असे दोन भाग झाल्याने त्या सहा झाल्या आणि तिन्ही स्तंभांची कमाल बेरीज चौदावरून पंधरा झाली. आज सर्वत्र ‘जीसीएस’ म्हणून ओळखली जाणारी ही ग्लासगो मापपट्टी 3 पासून 15 पर्यंत चालते; त्यात असामान्य रीतीने हात वाकणाऱ्याला हालचालीचे 3 आणि हात ताठ सरळ होणाऱ्याला 2 गुण मिळतात, आणि एकूण 8 किंवा त्याहून कमी गुण ही गंभीर इजा समजली जाते.

इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट म्हणजे जेनेट आणि टीसडेल यांनी या तक्त्यातून डिकॉर्टिकेट आणि डिसेरिब्रेट हे शब्द जाणीवपूर्वक वगळले. हे शब्द वापरले की इजा नेमकी कुठे आहे याविषयी एक दावा आपोआप केला जातो, आणि तो दावा माणसाच्या बाबतीत पुष्कळदा खरा ठरत नव्हता. मांजरातील छेद ही एकच स्वच्छ रेघ असते, तर अपघातातील इजा मेंदूभर विखुरलेली असू शकते. एकाच रुग्णाचा एक हात वाकतो आणि दुसरा सरळ होतो, किंवा तासाभरात एक स्थिती जाऊन दुसरी येते. मांजरात महत्त्वाचे ठरलेल्या लाल केंद्रकाचे मेरुरज्जूकडे जाणारे तंतू माणसात फारच थोडे असतात, त्यामुळे प्राण्यांवरील सूत्र माणसाला जसेच्या तसे लागू करणेही धोक्याचे होते. म्हणून नव्या तक्त्यात परिचारिकेने इजेची जागा ओळखावी अशी अपेक्षाच नव्हती. तिने फक्त पाहावे आणि लिहावे, एवढेच अपेक्षित होते.

हे पाहणे कसे असते ते समजून घेण्यासारखे आहे. रुग्ण हाकेला उत्तर देत नसेल तर तपासणारी व्यक्ती त्याच्या बोटाच्या टोकावर पेनाने किंवा पेन्सिलीने वाढता दाब देते, आणि मानेजवळचा स्नायू चिमटून किंवा भुवईच्या हाडाखालच्या खाचेवर अंगठा दाबून तो हात तिकडे नेतो का हे पाहते. हात झटकन वाकला, अंगापासून दूर गेला आणि दर वेळी थोडा वेगळा हलला तर ते सामान्य वाकणे होय. हात संथपणे, दर वेळी त्याच साच्यात छातीवर आला, पुढचा हात फिरला, अंगठा मुठीत आवळला गेला आणि पाय ताणला गेला तर ते असामान्य वाकणे होय. अननुभवी निरीक्षकांना हा फरक पकडणे कठीण जाते, हे ग्लासगोच्याच अभ्यासांत आढळले होते, आणि म्हणून सर्वसाधारण वापरासाठी हा फरक न करणारी सोपी आवृत्ती बरीच वर्षे चालू राहिली. निरीक्षकाच्या मर्यादा ध्यानात घेऊन साधन घडवण्याची ही वृत्ती वैद्यकात तितकीशी सहज आढळत नाही.

सामाईक भाषा मिळताच तिचा उपयोग दिसू लागला. 1977 साली ग्लासगो, नेदरलँड्स आणि लॉस एंजेलिस येथील डोक्याच्या गंभीर इजेच्या 700 रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली आणि देश व उपचारपद्धती वेगवेगळ्या असूनही सुरुवातीच्या अवस्थेवरून पुढील वाटचालीचा अंदाज बांधता येतो हे दिसले. त्याच वर्षी इटलीतील व्हेरोना येथील आल्बिनो ब्रिकोलो आणि सहकाऱ्यांनी तीव्र इजेनंतर डिसेरिब्रेट स्थितीत गेलेल्या रुग्णांचा मोठा अभ्यास मांडला: बहुतेक रुग्ण दगावत असले तरी वाचणाऱ्यांची संख्या दुर्लक्ष करण्याजोगी नव्हती. मृत्यूची खूण मानल्या गेलेल्या लक्षणाच्या आड जगण्याची शक्यता उरते, हा त्यातला धडा होता.

परिणाम

याच काळात इजेची जागा शोधण्याचे काम शरीराच्या स्थितीकडून यंत्राकडे गेले. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमधील विम्बल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्लेज हॉस्पिटलमध्ये गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन केले आणि काही वर्षांत रक्ताची गाठ काही मिनिटांत दिसू लागली. वरवर पाहता यामुळे हातपायांच्या ठेवणीचे महत्त्व संपायला हवे होते. प्रत्यक्षात ते बदलले. स्कॅन एका क्षणाचे चित्र देते, तर खाटेपाशी उभी असलेली परिचारिका दर तासाला रुग्णाची अवस्था पाहते आणि सकाळी वेदनेकडे हात नेणारा रुग्ण दुपारी हात ताठ करू लागला आहे हे पहिल्यांदा तिलाच कळते. पुन्हा स्कॅन कधी करायचे, शस्त्रक्रियागृह कधी तयार करायचे हे याच बदलावर ठरते. लिव्हरपूलच्या प्रयोगशाळेतील शोध अशा रीतीने रुग्णाच्या खाटेवरच्या नोंदवहीत रुजला.

ही भाषा मज्जाविकारांच्या मोठ्या केंद्रांपुरती राहिली नाही. तिला यंत्र लागत नाही, म्हणून ती साधनांची टंचाई असलेल्या ठिकाणीही पोहोचली. आफ्रिकेतील मलावी देशात हिवतापाने मेंदू ग्रासलेल्या, अजून बोलता न येणाऱ्या मुलांसाठी 1989 साली ब्लँटायर मापपट्टी तयार झाली, तीही ग्लासगोच्याच विचारावर आधारलेली. भारतात 1949 साली वेल्लोरला जेकब चँडी यांनी मज्जाशल्यचिकित्सेचा विभाग सुरू केला आणि पुढे मुंबईसह इतर शहरांत ही शाखा वाढली. आज महाराष्ट्रातील दुचाकी अपघातग्रस्ताच्या नातेवाइकांना अतिदक्षता विभागाबाहेर ‘जीसीएस इतका आहे’ हे वाक्य ऐकू येते, तेव्हा त्या आकड्यामागे हाच सगळा इतिहास असतो.

या इतिहासाने मागे ठेवलेला एक धोकाही आहे. आकडा मिळाला की तो निकाल वाटू लागतो. बेरीज सारखी असलेल्या दोन रुग्णांची अवस्था अगदी भिन्न असू शकते, कारण तीन स्तंभांतील गुणांचे वाटप वेगळे असते. झोपेची औषधे किंवा श्वासनळीतील नळी यांमुळे गुण घसरतात. आणि बेरजेचा मूळ हेतू एका क्षणी भविष्य वर्तवण्याचा नव्हता. टीसडेल यांनी 2014 साली चाळीस वर्षांचा आढावा घेताना तिन्ही घटक वेगवेगळे नोंदवण्यावर भर दिला आणि वेदना देण्याऐवजी दाब देणे अशी भाषा वापरायला सुचवले. ही दुरुस्ती शब्दांपुरती नव्हती. तपासणी रुग्णाला त्रास देण्यासाठी नाही, त्याच्या मेंदूकडून उत्तर मिळते का हे पाहण्यासाठी आहे, याची आठवण ती करून देते.

नातेवाइकांच्या दृष्टीने या ज्ञानाचे मोल आणखी वेगळे आहे. बेशुद्ध माणूस हात ताठ करतो तेव्हा तो वेदनेने तळमळतो आहे किंवा हाकेला ओ देऊ पाहतो आहे असे जवळच्यांना वाटणे स्वाभाविक असते, आणि त्यातून खोटी आशा किंवा असह्य अपराधभाव निर्माण होतो. ही हालचाल मस्तिष्कस्तंभातील यंत्रणा आपोआप घडवते, ती गंभीर आहे, पण एकट्या तिच्यावरून अखेरचा निर्णय देता येत नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगणे ही डॉक्टरांची जबाबदारी आहे. वय, इजेचे कारण, बाहुल्यांची प्रतिक्रिया, स्कॅन आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काही तासांतील व दिवसांतील बदलाची दिशा यांच्या जोडीनेच तिचा अर्थ लागतो. शेरिंग्टन यांनी ताठरलेल्या अवयवात आवर सुटलेली यंत्रणा पाहिली, विल्सन यांनी ती माणसात ओळखली, प्लम यांनी तिला उतरत्या पायऱ्यांत बसवले आणि जेनेट व टीसडेल यांनी तिच्याविषयीचे दावे कमी करून निरीक्षण वाढवले. मेंदूची इजा झालेल्या रुग्णाला वाचवण्यात या शेवटच्या संयमाचा वाटा आधीच्या शोधांइतकाच मोठा आहे, कारण ज्या लक्षणाकडून नेमके तेवढेच ऐकले जाते जेवढे ते सांगू शकते, तेच लक्षण वेळेवर कृती करायला उपयोगी पडते.